बाळ येशूची संत तेरेजा व तिचे शुभवर्तमान

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देवळाला रंग लागतो, घंटा घुमू लागतात, दूरदेशी गेलेली लेकरे घरी परततात आणि आबालवृद्धांचे अंतःकरण भरून येते. हे योग्यच आहे. कारण आनंद हीदेखील देवाचीच देणगी होय. परंतु महोत्सव सरतो, मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या वाटेने जातात, आणि मग एखाद्या पहाटे तोच श्रद्धावंत मनुष्य जपमाळ हाती घेऊन गुडघे टेकतो, तेव्हा त्याला काहीच वाटत नाही. ओठ हलतात, मन मात्र कोरडे राहते. पवित्र मिस्सेला बसावे तर चित्त शेतात, बाजारात किंवा कचेरीत धावते. अशा वेळी पुष्कळ सज्जन मनात कष्टी होतात. देव आपल्यापासून दूर गेला काय, आपली श्रद्धा आटली काय, अशी शंका त्यांना पोखरू लागते. आणि कित्येक तर, काही वाटतच नाही तर प्रार्थनेचा देखावा कशाला, असे म्हणून ती हळूहळू सोडूनच देतात.

ज्यांच्या मनाला ही व्यथा लागली आहे त्यांच्यासाठी आम्ही आज एका अशा संत कुमारिकेचे चरित्र मांडीत आहो की जिचे चित्र आपल्या पुष्कळ घरांत आहे, परंतु जिची खरी ओळख थोड्यांनाच आहे. हाती क्रूस व गुलाबपुष्पे धरलेली, तपकिरी झग्यावर शुभ्र अंगरखा ल्यालेली, मंद हसणारी बाळ येशूची संत तेरेजा आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या गोड मुखाकडे पाहून तिचे सारे आयुष्य गोड भावनांतच गेले असावे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. मठातील नऊ वर्षांपैकी बहुतेक काळ तिच्या प्रार्थनेत रुक्षताच होती, आणि अखेरचे अठरा महिने तर गडद अंधार होता. ती टिकली व वाढली ती मनात उसळणाऱ्या भावनांच्या बळावर नव्हे, तर उराशी बाळगलेल्या एका लहानशा शुभवर्तमानाच्या पुस्तकाच्या बळावर. हेच या लेखात सांगावयाचे आहे.

बालपण व भावनांचा खेळ

तेरेजेचा जन्म फ्रान्स देशात नॉर्मंडी प्रांतातील आलाँसाँ या गावी २ जानेवारी १८७३ रोजी झाला. तिचे वडील लुई मार्तँ हे घड्याळांचे कारागीर, व आई झेली ही जाळीदार लेस विणवून घेण्याचा धंदा सांभाळणारी कर्तबगार स्त्री होती. या दांपत्यास नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी पाच मुली जगल्या व पाचही जणी पुढे धर्मभगिनी झाल्या. तेरेजा ही सर्वांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असता, २८ ऑगस्ट १८७७ रोजी तिची आई कर्करोगाने निवर्तली, आणि त्याच वर्षी हे कुटुंब लिझ्यू या गावी मामाच्या आश्रयास येऊन राहिले.

आईच्या मृत्यूने त्या आनंदी मुलीचा स्वभाव पालटला. ती अतिशय हळवी झाली. क्षुल्लक कारणाने रडू लागे, आणि रडल्याबद्दल पुन्हा रडे. आईच्या जागी मानलेली बहीण पोलीन १८८२ साली कार्मेल मठात गेली, तेव्हा या बालिकेवर दुसऱ्यांदा मातृवियोगाचा घाव बसला, व पुढील वर्षी ती विलक्षण आजारी पडली. १३ मे १८८३ रोजी पेन्टेकॉस्टच्या दिवशी, बिछान्याजवळ असलेल्या कुमारी मरियेच्या मूर्तीने आपणाकडे पाहून स्मित केले असे तिला दिसले, आणि त्याच क्षणी ती बरी झाली.

येथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते; पुढची मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या कृपेची वार्ता मठातील भगिनींच्या कानी गेली. त्या कौतुकाने नाना प्रश्न विचारू लागल्या. पवित्र मातेने कोणता पोशाख केला होता, हाती काय होते, असे प्रश्न ऐकून ती दहा वर्षांची मुलगी गोंधळून गेली, आणि आपण खोटे तर बोललो नाही ना, या विचाराने तिला ग्रासले. जो अनुभव सर्वांत गोड, तोच तिच्या मनात काट्यासारखा सलू लागला. सुमारे चार वर्षे ती ही बोचणी सोशीत होती. १८८७ च्या नोव्हेंबर महिन्यात पॅरिस येथील विजयमातेच्या देवळात प्रार्थना करीत असता ती अखेर तिच्यातून मुक्त झाली. मातेची कृपा खोटी नव्हती. परंतु अंतःकरणातील अनुभवाकडे पुनःपुन्हा वळून पाहात बसल्याने शांती मिळत नाही, हा धडा तेरेजेला बालपणीच मिळाला.

८ मे १८८४ रोजी तिने पहिला पवित्र ख्रिस्तप्रसाद ग्रहण केला, तेव्हा आनंदाने तिचे अश्रू अनावर झाले. तथापि एकाच वर्षाने, पुढच्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या विरक्तिसाधनेत, पापाच्या भयाने तिला घेरले. लहानसहान विचारही तिला अपराध वाटू लागले व हा छळ सुमारे दीड वर्ष चालला. भावनेचे वारे असेच असतात. आज ते नौकेच्या शिडात भरतात, उद्या उलट दिशेने सुटतात, आणि परवा तर मुळीच वाहात नाहीत.

१८८६ च्या नाताळ रात्री मात्र तिच्यात एक मोठा पालट झाला. मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी आल्यावर, थकलेल्या वडिलांच्या तोंडून निघालेला एक कंटाळ्याचा शब्द तिच्या कानी पडला. एरव्ही ती घळघळा रडली असती. त्या रात्री तिने अश्रू आवरले, जिना उतरून खाली आली आणि हसतमुखाने वडिलांसमोर आपल्या भेटवस्तू उघडल्या. या कृपेची खूण काय? मनाला काही दिव्य वाटले, ही नव्हे. तर वडिलांचा आनंद मोडू दिला नाही, ही होय.

मठप्रवेश व रुक्षतेची वर्षे

पंधराव्या वर्षीच कार्मेल मठात जावे, असा तिने ध्यास घेतला. वय लहान म्हणून नकार मिळाला, तेव्हा वडिलांसमवेत रोमची यात्रा करून, २० नोव्हेंबर १८८७ रोजी तिने पोप तेरावे लिओ यांच्या चरणांपाशी आपली विनंती प्रत्यक्ष मांडली. पुढे बिशपांची परवानगी आली, व ९ एप्रिल १८८८ रोजी लिझ्यूच्या कार्मेल मठाचे दार तिच्यामागे बंद झाले. त्यानंतर ती जिवंतपणी त्या कुंपणाबाहेर आली नाही.

वाचकांस वाटेल की, एवढ्या उत्कंठेने गाठलेल्या स्थळी तिला प्रार्थनेचा आस्वाद भरभरून मिळाला असेल. तसे घडले नाही. रुक्षता हेच तिचे नित्याचे अन्न झाले. ८ सप्टेंबर १८९० रोजी तिने आपले शपथव्रत घेतले. त्यापूर्वीच्या विरक्तिसाधनेत तिला सांत्वनाचा लवलेशही लाभला नाही. पहाटेच्या ध्यानसमयी व ख्रिस्तप्रसादानंतरच्या आभारप्रार्थनेच्या वेळी तिला झोप येई, आणि ही गोष्ट एकदोन दिवस नव्हे तर सात वर्षे चालली, अशी कबुली तिने स्वतःच लिहून ठेविली आहे. जपमाळेची प्रार्थना एकटीने म्हणणे तिला अत्यंत जड जाई. कितीही प्रयत्न केला तरी तिच्या रहस्यांवर चित्त स्थिर होत नसे. जगभर जिच्या मध्यस्थीची याचना केली जाते तिची ही स्थिती होती, हे ऐकून आम्हांसारख्या दुबळ्या भक्तांना किती धीर यावा!

आता या स्थितीत तिने काय केले, ते पाहण्याजोगे आहे. आपल्या मनाची नाडी पाहात ती बसली नाही. ती पवित्र शास्त्राकडे वळली. झोपेबद्दल खंत करण्याऐवजी, परमेश्वर आपली घडण जाणतो व आपण केवळ माती आहो हे तो स्मरतो, या स्तोत्रवचनावर तिने विसावा घेतला. निजलेले लेकरू जागे असतानाइतकेच आईबापांना प्रिय असते, असा विचार तिने केला. प्रार्थनेत प्रभू मुका वाटू लागला, तेव्हा वादळात होडीच्या मागल्या भागी उशीवर निजलेल्या येशूचा प्रसंग तिला आठवला. शिष्यांनी त्याला घाबरून उठविले. तेरेजेने त्याला निजू देण्याचा निश्चय केला. येशू निजला आहे म्हणजे होडीत नाही असे नव्हे. तो होडीतच आहे, ही गोष्ट तिला आपल्या मनाने सांगितली नाही, शुभवर्तमानाने सांगितली. आणि मन अगदीच शुष्क झाले म्हणजे ती प्रभूने शिकविलेली प्रार्थना सावकाश, एकेक शब्द घेऊन म्हणे, व त्यानंतर नमो मरिया म्हणे. स्वतःचे शब्द आटले की ती देवाने दिलेले शब्द उसने घेई.

याच काळात तिच्यावर आणखी एक दुःख कोसळले. तिचे लाडके वडील बुद्धिभ्रंशाने आजारी पडले, व फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. गावात कुजबुज झाली; धाकट्या मुलीच्या मठप्रवेशामुळेच म्हाताऱ्याचे डोके फिरले, असेही लोक बोलले. असल्या दुःखात अंतःकरणातून सांत्वन कोठून उगवणार? तेरेजेने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दुःखी सेवकाचे प्रकरण धरिले. ज्याला रूप नाही, शोभा नाही, ज्याला पाहून लोक तोंड फिरवितात, त्या सेवकाच्या ठायी तिने ख्रिस्ताचे मुख पाहिले आणि त्या मुखातच आपल्या वडिलांचे अपमानित मुखही ओळखिले. तिच्या नावात बाळ येशूबरोबर पवित्र मुखाचाही उल्लेख आहे, आणि त्या भक्तीचा सारा पाया यशयाच्या त्या वचनांत असल्याचे तिने आयुष्याच्या अखेरीस सांगितले. वडील २९ जुलै १८९४ रोजी देवाघरी गेले.

तिच्यापाशी कोणते ग्रंथ होते

आज आमच्या हाती संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत सहज येते. म्हणून तेरेजेची स्थिती मुद्दाम सांगितली पाहिजे. त्या काळी तरुण धर्मभगिनींच्या हाती संपूर्ण बायबल देण्याची रीत नव्हती, आणि तिच्यापाशी ते कधीच नव्हते. देवळातील नित्यप्रार्थना लॅटिन भाषेत चाले, व ती भाषा तिला फारशी अवगत नव्हती. तिच्यापाशी होते ते चार शुभवर्तमानांचे एक लहान पुस्तक. ते ती रात्रंदिवस आपल्या उराशी बाळगीत असे. १८९४ च्या सप्टेंबरात तिची बहीण सेलीन त्याच मठात दाखल झाली, तेव्हा तिने जुन्या करारातील निवडक उतारे स्वहस्ते लिहून घेतलेली एक वही बरोबर आणिली. तेरेजेने ती वही आधाशासारखी वाचून काढिली.

बालपणी ख्रिस्तानुकरण हा ग्रंथ तिला जवळजवळ मुखोद्गत होता. सतराव्या-अठराव्या वर्षी क्रूसाचे संत योहान यांच्या ग्रंथांनी तिला पोसले. पुढे मात्र आध्यात्मिक पुस्तक उघडले की तिचे मन मिटून जाई व डोके शिणे. शुभवर्तमान उघडले की तेथे तिला दर वेळी नवा अर्थ व नवा प्रकाश सापडे. हा प्रकाश बहुधा प्रार्थनेच्या घटकेला पडत नसे. कपडे धुताना, भोजनगृह झाडताना, दिवसाच्या कामकाजात तो अवचित पडे. सकाळी वाचलेले वचन दिवसभर मनात मुरत असे, हेच त्याचे कारण असावे, असे आम्हांस वाटते.

तिची जिज्ञासाही सामान्य नव्हती. निरनिराळ्या भाषांतरांत शब्द भिन्न का पडतात, हे तिला खटके. आपण धर्मगुरू असतो तर देवाने आपला विचार ज्या भाषांत प्रकट केला त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकलो असतो, असे ती बोलून दाखवी. भोळी भक्ती म्हणजे अडाणी भक्ती, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

लहान मार्गाचा शोध

तेरेजेचे नाव ज्या शिकवणुकीने जगभर झाले ती शिकवण, म्हणजे तिचा लहान मार्ग, तिला कसा सापडला? दृष्टांत झाला काय? देववाणी कानी आली काय? मुळीच नाही. संतांशी स्वतःची तुलना करिता ते गगनचुंबी पर्वत व आपण पायदळी तुडविलेला वाळूचा कण, असे तिला दिसे. परंतु देव असाध्य इच्छा मनात घालणार नाही, असे म्हणून तिने मार्ग शोधण्यास आरंभ केला. त्या काळी श्रीमंतांच्या घरी जिन्याऐवजी माणसांना वर नेणारा पाळणा नुकताच आला होता, व तो यांत्रिक पाळणा तिला ठाऊक होता. पूर्णत्वाचा कठीण जिना चढण्यास असमर्थ अशा लहान जिवाला येशूपर्यंत उचलून नेणारा एखादा पाळणा असेल काय, असा प्रश्न घेऊन ती पवित्र शास्त्रात शोधू लागली.

सेलीनच्या वहीत तिला नीतिसूत्रांतील एक वचन आढळले. त्यात ज्ञान हे लहान जनांस आपणाकडे येण्याचे आमंत्रण देते. ती तेवढ्यावर थांबली नाही. लहान जन आल्यावर देव त्याचे काय करील, हे जाणण्यासाठी तिने आणखी शोध केला, आणि यशयाच्या अखेरच्या अध्यायात, आई लेकराचे सांत्वन करिते तसा देव आपल्या लोकांचे सांत्वन करील, त्यांना कडेवर वाहील व मांडीवर खेळवील, हे अभिवचन तिला सापडले. झाले! येशूचे बाहू हाच तो पाळणा. त्यासाठी मोठे होण्याची गरज नाही; उलट लहानच राहिले पाहिजे. ज्या मार्गाने पुढे लक्षावधी जीव चालले, तो असा एका प्रश्नातून व दोन शास्त्रवचनांतून निघाला. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, तिने देवाच्या दयाळू प्रीतीला आपले जीवन अर्पण केले.

अंधार

३ एप्रिल १८९६ हा शुभ शुक्रवार होता. त्या पहाटेपूर्वीच्या रात्री तेरेजेच्या तोंडून रक्त आले. क्षयरोगाची ती पहिली खूण होती. लवकरच प्रभूची भेट होणार, या विचाराने ती हर्षित झाली. परंतु पुनरुत्थानाच्या सणाच्या त्याच दिवसांत तिच्या आत्म्यावर दाट धुके उतरले. ज्या स्वर्गाचा विचार बालपणापासून तिचा विसावा, तोच विचार आता तिला छळू लागला. मरणानंतर काहीही नाही, केवळ शून्याची रात्र आहे, असे कोणी वेडावीत सांगत असल्याचा तिला भास होई. ही स्थिती मरणापर्यंत राहिली. मधून एखादा किरण येई, पण तो जाताच काळोख अधिकच गडद वाटे. बरोबरीच्या भगिनींना याचा पत्ताही नव्हता. तिने रचलेली आनंदी गीते वाचून त्यांना ती स्वर्गसुखात न्हात आहे असे वाटे; आणि ती तर जे वाटत होते ते नव्हे, जे मानण्याचा निश्चय होता ते गात होती.

प्रिय वाचकहो, येथे या चरित्राची खरी कसोटी आहे. ज्याची श्रद्धा भावनेवर उभी आहे त्याची भावना गेली की श्रद्धाही गेली. तेरेजेची भावना गेली. मग तिच्यापाशी काय उरले? तिने प्रेषितांचा मतांगीकार स्वतःच्या रक्ताने लिहिला आणि तो शुभवर्तमानाच्या त्या लहान पुस्तकात ठेवून उराशी बाळगिला. संशयाशी वाद घालण्याच्या भरीस ती पडली नाही. शत्रूकडे पाठ फिरवून ती येशूकडे धावे, व त्याच्या शब्दासाठी रक्ताचा शेवटचा थेंब सांडण्याची तयारी त्याला सांगे. त्या एका वर्षात आपण जेवढी श्रद्धेची कृत्ये केली तेवढी पूर्वीच्या साऱ्या आयुष्यात केली नव्हती, असे तिने लिहिले आहे. एवढेच नव्हे, तर श्रद्धाहीन लोकांचा तिने तिरस्कार केला नाही. त्यांच्याच पंक्तीस बसून त्यांची कडू भाकर खाण्यास आपणाला ठेविले आहे, असे मानून तिने तो अंधार त्यांच्यासाठी अर्पिला.

आणि याच अंधारात तिला आपल्या जीवनाचे उत्तर मिळाले. १८९६ च्या सप्टेंबरात तिच्या मनात मोठमोठ्या इच्छा दाटल्या होत्या. धर्मगुरू व्हावे, प्रेषित व्हावे, शास्त्री व्हावे, रक्तसाक्षी व्हावे. सर्व देशांत जावे, सर्व युगांत राबावे! मठाच्या चार भिंतींत खोकणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीच्या या इच्छा होत्या. उत्तरासाठी तिने संत पौलाची पत्रे उघडिली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, सर्वच प्रेषित होऊ शकत नाहीत व डोळा हा हात होऊ शकत नाही, हे तिने वाचले. उत्तर स्पष्ट होते, पण मन निवले नाही. सामान्य वाचक येथे पुस्तक मिटून ठेविता. ती पुढे वाचीत गेली, आणि तेराव्या अध्यायात तिला प्रीतीचा तो श्रेष्ठ मार्ग दिसला जिच्यावाचून सर्व दाने व्यर्थ आहेत. ख्रिस्तसभा हे शरीर असेल तर त्याला हृदयही असले पाहिजे, व त्या हृदयात आपण प्रीती होऊन राहावयाचे, हा निर्णय तिने तेथेच केला. कबरेत पुनःपुन्हा वाकून पाहणाऱ्या मग्दालेनेशी तिने या प्रसंगी स्वतःची तुलना केली आहे. शास्त्र वाचणाऱ्याने असेच वाकून पाहात राहिले पाहिजे.

शब्दाचे आचरण

शास्त्रवाचन हे जर केवळ विचारांचे सुख झाले तर तेही भावनेचेच दुसरे रूप होय. तेरेजेचे वाचन हातापायांत उतरले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी प्रभूच्या नव्या आज्ञेवर तिने फार मनन केले. जुन्या नियमात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्यास सांगितले होते. येशूने मात्र आपण जशी प्रीती केली तशी करा, असे सांगितले. हा फरक तिने लहानसहान प्रसंगी पाळला. मठात एक भगिनी होती जिची प्रत्येक गोष्ट तिला नकोशी वाटे. तेरेजेने तिच्यासाठी प्रार्थना केली, तिची कामे केली, आणि कठोर उत्तर ओठांवर आले की केवळ स्मित केले. परिणामी त्या भगिनीला वाटले की, तेरेजेला आपली फारच आवड आहे! प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एकजण सतत चमत्कारिक आवाज करी. धुण्याच्या दगडापाशी समोरची भगिनी घाणेरडे पाणी तोंडावर उडवी. एका चिडखोर वृद्ध भगिनीला रोज संध्याकाळी धरून भोजनगृहात न्यावे लागे. या सर्वांत मनाला गोडी काय वाटणार? पण आज्ञा पाळण्यास गोडी लागत नाही.

८ जुलै १८९७ रोजी तिला मठातील रुग्णगृहात हलविण्यात आले. लिहिण्याचे बळ उरले नाही तेव्हा तिने आपल्या आत्मवृत्ताची शेवटची पाने पेन्सिलीने लिहिली. त्यांतही शुभवर्तमानातील जकातदाराची नम्र प्रार्थना व मग्दालेनेचे धैर्य आहे. रोग इतका वाढला की १९ ऑगस्टनंतर तिला पवित्र ख्रिस्तप्रसादही घेता आला नाही. ३० सप्टेंबर १८९७ रोजी सायंकाळी, क्रूसावर दृष्टी लावून, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने देह ठेविला. पवित्र शास्त्र लॅटिन भाषेत आणण्यासाठी आयुष्य वेचणारे संत जेरोम यांचा स्मृतिदिन तोच. शुभवर्तमान उराशी धरून जगलेल्या या कन्येला शास्त्राच्या त्या महान सेवकाच्या दिवशीच बोलावणे यावे, हा योग किती शोभतो!

मरणोत्तर

बरोबर एक वर्षाने तिचे आत्मवृत्त २,००० प्रतींत छापण्यात आले, आणि त्यानंतर ते जगाच्या नाना भाषांत गेले. पोप अकरावे पायस यांनी १७ मे १९२५ रोजी तिला संतपद दिले, आणि १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने तिला मिशनकार्याची आश्रयदाती नेमिले. ज्यांचे पवित्र शरीर आमच्या गोव्यात आहे त्या समुद्र ओलांडणाऱ्या प्रेषिताच्या शेजारी, मठाबाहेर पाऊल न टाकलेली ही तरुणी उभी राहिली. १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची पंडिता ही पदवी दिली. हा मान तोवर केवळ दोन स्त्रियांना मिळाला होता. तिच्या मातापित्यांनाही २०१५ साली संतपद लाभले. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी आपले नाव या तेरेजेवरूनच घेतले. आणि त्यांनीही कित्येक दशके प्रार्थनेतील अंधार सोशीत गोरगरिबांची सेवा केली, हे त्यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले.

आता आपण काय घ्यावे? भावना वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. अश्रू आले तर देवाचे आभार मानावे. आले नाहीत तर अपराधी वाटून घेऊ नये. देव जवळ आहे की नाही, याचा निवाडा मात्र मनाच्या हवामानावरून करू नये. त्याने तो आपल्या शब्दात आधीच दिला आहे. आमच्या भाषेतील ख्रिस्ती लोकांना हे नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी जुन्या व नव्या कराराची कथा मराठी ओव्यांत गुंफून १६१६ साली ख्रिस्तपुराण छापविले, ते देवाचा शब्द घराघरांत ऐकला जावा म्हणूनच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व श्रद्धावंतांना वारंवार शास्त्रवाचन करण्यास कळकळीने सांगितले, व आज मिस्सेतील वाचने आपण आपल्या मायबोलीत ऐकतो. तेरेजेला जे मिळाले नाही ते आपणांस मिळाले आहे.

म्हणून ज्या घरी रात्री जपमाळ म्हटली जाते त्या घरी तिच्या आधी किंवा नंतर शुभवर्तमानाच्या दहा ओळी वाचल्या जाव्यात. घरातील एखाद्या लेकराने त्या वाचाव्यात, वडीलधाऱ्यांनी ऐकाव्यात. काही वाटले तर बरे. न वाटले तरी दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडावे, आणि वाचलेल्यांपैकी एखादी तरी गोष्ट दिवसभरात करून पाहावी: एखाद्या रुसलेल्या भावाशी बोलावे, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा. येशू निजलेला असेल, पण तो होडीतच आहे. बाळ येशूची संत तेरेजा आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कोरड्या मनाच्या भक्तासाठी प्रभूजवळ विनवणी करो, आणि महोत्सवाचे दिवे मालवल्यावरही त्याच्या शब्दाचा दिवा आपल्या घराघरांत तेवत राहो. आमेन.